काळ्या रानात गाडलेली जुनी पीव्हीसी पाईपलाईन खोदाईआधी कशी शोधायची?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही म्हणून लिहितो.

आमची विहीर एका गटात आणि बागेचं रान दुसऱ्या गटात, मध्ये अकराशे फूट अंतर. १९९८ ला वडिलांनी चार इंची पीव्हीसी पाईपलाईन गाडली, सहा किलो दाबाचा पाईप, त्याची चारी (चर) माणसं लावून हाताने खोदली होती. वडील २०१९ ला गेले. नकाशा वगैरे काही काढलेला नाही, जे होतं ते त्यांच्या डोक्यात. तेव्हा चारीवर कामाला असलेले एक तात्या गावात आहेत, ते सांगतात "बाभळीपासून सरळ बांधाला घेतली होती", पण ती बाभूळ तोडून पंधरा वर्षं झाली आणि नेमकी कुठं होती यावर घरातच तीन मतं आहेत.

आता खालच्या दोन एकरात नवीन बाग धरायची. फेब्रुवारीत डॉगरिजची (द्राक्षाचा खुंट) रोपं लावायची म्हणजे त्याआधी जेसीबीने चाऱ्या पाडायच्या, अडीच ते तीन फूट खोल, दर नऊ फुटाला एक. पाईपलाईन याच दोन एकरातून जाते हे नक्की कारण वरच्या बांधाला एक वॉल (व्हॉल्व्ह) आहे आणि खालच्या बांधाला दुसरा, दोन्हीत सव्वाचारशे फूट. मधलं काहीच माहीत नाही. एक बकेट बसली तर वरच्या बागेचं पाणी बंद, आणि वरच्या बागेत सध्या माल आहे, मणी फुगायच्या टायमाला चार दिवस पाणी तुटलं तर वर्षाचं पीक जातं.

अजून दोन गोष्टी. याच रानातून बोअरच्या मोटरची केबल गेलीय, आर्मर्ड आहे म्हणजे वरून धातूचं कवच असलेली, चालू आहे, तीही कुठून गेलीय ते अंदाजाने. आणि पूर्वेच्या कडेने एका तेल कंपनीच्या मोठ्या लाईनचे पिवळे खांब आहेत.

एकजण म्हणतो जीपीआर मशीन बोलाव, जमिनीतलं सगळं टीव्हीसारखं दिसतं. दुसरा म्हणतो पाणाड्या बोलाव. पैसे एकदाच घालवायचे आहेत, तर नेमकं काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

सर्व्हेवाला_पुणे

दादा, मी अकरा वर्षं हेच काम करतो, रस्ते आणि सोसायट्यांमध्ये खोदाईच्या आधी जमिनीखालच्या लाईनी शोधून खुणा करून द्यायच्या. तुमच्या तिन्ही लाईनी तीन जातीच्या आहेत आणि तिघींना औषध वेगळं.

पहिलं जीपीआरचं. ते मशीन जमिनीत रेडिओ लहर सोडतं आणि काही वेगळं लागलं की परत आलेली लहर पकडतं, स्क्रीनवर पाईप पाईपासारखा दिसत नाही, उलट्या टोपलीसारखी कमान दिसते. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत छान चालतं आणि प्लास्टिक पाईपही दाखवतं ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तुमचं रान काळं. काळ्या चिकण मातीत ओल धरलेली असते आणि ती लहर गिळून टाकते, मी स्वतः काळ्या मातीत दोन फुटांखाली काहीच न दिसल्याचे दिवस काढलेत. त्यात खाली दगडगोटे असले तर प्रत्येक गोट्याची तशीच कमान येते. त्यामुळे "सगळं टीव्हीसारखं दिसतं" म्हणणाऱ्याला आधी विचारा, काळ्या मातीत शेवटचं काम कुठं केलं आणि तिथं खड्डा मारून खात्री केली होती का.

दुसरं, पाईप लोकेटर. याचे दोन भाग, एक ट्रान्समीटर जो लाईनवर सिग्नल चढवतो आणि एक रिसीव्हर म्हणजे हातात धरायची लांब काठी, जी तो सिग्नल वरून ऐकते. हे मशीन पाईप शोधत नाही, धातूतून वाहणाऱ्या करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र शोधतं. म्हणून नुसत्या पीव्हीसी पाईपवर ते मुकं. तुमच्या केबलवर मात्र एक नंबर चालेल.

केबलला सिग्नल द्यायच्या तीन पद्धती. सगळ्यात खात्रीची म्हणजे थेट जोडणी, मेन बंद करून, टेस्टरने दोनदा तपासून, स्टार्टरपाशी आर्मरची अर्थिंग सोडवून ट्रान्समीटरची एक वायर आर्मरला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला. सोडवायचं काम वायरमनकडूनच करून घ्या आणि काम झाल्यावर अर्थिंग परत जोडली का ते उभं राहून बघा. दुसरी म्हणजे क्लॅम्प, केबलभोवती कडं घालायचं, काही सोडावं लागत नाही. तिसरी इंडक्शन, ट्रान्समीटर नुसता जमिनीवर ठेवायचा, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी, कारण सिग्नल जवळ जे काही धातूचं असेल त्या सगळ्यांवर चढतो. फ्रिक्वेन्सी शक्यतो खालची ठेवायची, ८ किलोहर्ट्झपासून सुरुवात करा, ३३ किंवा ६५ वर गेलं की सिग्नल पटकन चढतो पण शेजारच्या तारेवर उडी मारतो, तुमच्याकडे तर मांडवाच्या तारा आहेत!

तिसरं तुमचं खरं दुखणं, पीव्हीसी पाईप. त्याला स्वतःचा आवाज नाही तर आवाज आतून घालायचा. सोंड म्हणून एक छोटा ट्रान्समीटर येतो, बॅटरीवर चालणारा, अंगठ्याएवढा जाड, तो फायबरच्या लवचिक रॉडच्या टोकाला लावून पाईपात ढकलत जायचं आणि वरून काठीने तो कुठं आहे ते बघायचं. तुम्हाला अकराशे फूट शोधायची गरजच नाही, फक्त दोन वॉलमधले सव्वाचारशे. दोन्ही वॉलपाशी पाईप मोकळा करा आणि वरून दोनशे, खालून दोनशे असं ढकला. पाईपात कुठं काटकोनी एल्बो असेल तर रॉड तिथं अडेल, पण अडला म्हणजे तिथं वळण आहे हेही कळलंच की.

सोंडवाल्यांना एक ठणकावून सांगा, सोंडचा सिग्नल केबलसारखा नसतो. काठी पाईपाच्या दिशेला लावून धरावी लागते आणि बरोबर डोक्यावरच्या मोठ्या आवाजाच्या पुढे आणि मागे अजून दोन लहान आवाज येतात. नवीन पोरं त्या मागच्या-पुढच्या आवाजावरच खूण मारतात आणि फुटाफुटाने चुकतात.

आणि कुणीही, अगदी मीसुद्धा, खूण करून दिली तरी जेसीबी लावायच्या आधी तीन-चार ठिकाणी हाताने खड्डा घेऊन पाईप डोळ्याने बघायचा. यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. पाच वर्षांपूर्वी एका कामावर दोन केबली जवळजवळ होत्या, माझा सिग्नल शेजारच्या मेलेल्या केबलवर चढला होता आणि मी तिच्यावर खूण करून "बाकी मोकळं आहे" म्हणून सांगितलं. खड्डा न घेता खोदाई सुरू झाली आणि पहार चालू केबलवर झाकलेल्या विटेवर जाऊन वाजली. विटा होत्या म्हणून तो पोरगा वाचला. चूक माझी होती, मी रीडिंग एकाच बाजूने घेतलं होतं. त्यानंतर खड्डा घेतल्याशिवाय "मोकळं आहे" हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

---

द्राक्षबाग_निफाड

खूप खूप आभार दादा, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दोन शंका. सोंडवाला आमच्याकडे मिळणार नाही बहुतेक, नाशिकला चौकशी करतो, पण नाहीच मिळाला तर घरगुती काही मार्ग आहे का? आणि खोली कळते का, की फक्त जागा? कारण चारी तीन फूट आणि पाईप साडेतीनला असला तर वरून जाता येईल असं भाऊ म्हणतोय.

---

जुना_जॉइंटर

बाळा, मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो, एकतीस वर्षं, नगर जिल्ह्यात. आमच्या वेळी आजच्यासारखी स्क्रीनची मशिनं नव्हती, बझर लावायचा, कानाला हेडफोन आणि हातात काठीला लावलेली कॉईल. पण सर्व्हेवाला सांगतो तेच तत्त्व, तारेवर आवाज चढव आणि वरून ऐक.

सोंड नाही मिळाला तर पाईपात तार घाल. पाईप पूर्ण रिकामा कर, मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेव म्हणजे कुणी चालू करणार नाही. चांगला मजबूत नायलॉन दोरा घे, टोकाला प्लास्टिकची पिशवी फुगवून बांध, चार इंचात सैल बसेल एवढीच. वरच्या वॉलपाशी पाईप मोकळा करून पिशवी आत सोड आणि मागून ड्रममधलं पाणी सोडत राहा, रान खाली उताराचं असेल तर पाणी पिशवीला घेऊन खालच्या वॉलपर्यंत जातं. दोरा हातातून सोडत राहायचा, ताण द्यायचा नाही. मग त्या दोऱ्याला इन्शुलेशनवाली दीड एमेमची सिंगल वायर बांधून ओढून घे. झाली तुझ्या मुक्या पाईपाला जीभ.

आता इथं बरेच जण चुकतात ते नीट वाच. वायर पीव्हीसीच्या आत आहे, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. करंटला परत यायला वाट नसेल तर आवाज येणारच नाही. लांबच्या टोकाला वायर पाईपाच्या बाहेर काढून सोल आणि जमिनीत ठोकलेल्या गजाला घट्ट बांध. जवळच्या टोकाला ट्रान्समीटर, त्याची दुसरी वायर वेगळ्या गजाला. हा जवळचा गज लाईनीपासून काटकोनात जेवढा लांब नेता येईल तेवढा ने, लाईनीच्या अंगावर ठोकू नको. तारेच्या कुंपणाला किंवा बोअरच्या केसिंगला तर अजिबात जोडू नको, सगळा आवाज कुंपणानेच पळून जाईल आणि तू कुंपण शोधत बसशील. रान कोरडं असेल तर गजापाशी मिठाचं पाणी ओत, आवाज एकदम उघडतो. ही मिठाच्या पाण्याची गोष्ट मी दर उन्हाळ्यात केलीय.

मोठा लोकेटर भाड्याने नाहीच मिळाला तर इलेक्ट्रॉनिक मार्केटमध्ये नेटवर्कवाले वापरतात तो टोनर (तारेवर आवाज चढवून ऐकायचं छोटं यंत्र) मिळतो, पण त्याचा आवाज वरच्या वर ऐकू येतो, तीन फुटांवर भरवसा ठेवू नको. वॉलपासून पहिली दिशा कुठं वळते एवढं बघायला चालेल.

खोलीचं विचारलंस. मशीन आकडा दाखवतं पण आमची जुनी पद्धत शिकून घे, तीच आकड्याची परीक्षा. लाईनीवर बरोबर खूण कर. मग कॉईल पंचेचाळीस अंशात तिरकी धरून, जमिनीलगत, लाईनीपासून आडवा सरकत जा. एका जागी आवाज पूर्ण मरतो. खुणेपासून तिथपर्यंतचं अंतर म्हणजेच खोली. तेच दुसऱ्या बाजूलाही कर. दोन्हीकडे सारखं आलं तर खरं समज, एकीकडे तीन फूट आणि दुसरीकडे साडेचार आलं तर शेजारी अजून काही तरी आहे, थांब आणि विचार कर.

---

सर्व्हेवाला_पुणे

काकांनी सांगितलेली शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे, आजच्या मशीनमध्येही तेच करायचं असतं. काठीत पीक आणि नल असे दोन मोड असतात, पीकमध्ये लाईनीच्या डोक्यावर आवाज सर्वात मोठा, नलमध्ये डोक्यावर शून्य. दोन्हींची खूण एकाच जागी पडली तर विश्वास ठेवा, वीतभर फरक पडला तर तिथला खोलीचा आकडा लिहूच नका.

भावाला सांगा, खोलीच्या भरवशावर पाईपावरून चारी नेऊ नका. मशीनने दाखवलेली खोली ही आतल्या तारेची किंवा सोंडची असते, पाईपाच्या पाठीची नाही. तार चार इंची पाईपात तळाला पडलेली असते, म्हणजे पाठ आकड्यापेक्षा चार इंच वर. आणि हाताने खोदलेली चारी कधीच एका खोलीची नसते, कडक मुरूम लागला की माणसं दमतात आणि पाईप तिथं वर येतो. पाईपाच्या दोन्ही बाजूला दोन-दोन फूट सोडून ती जागा हातानेच करा.

केबलबद्दल एक राहिलं. विजेच्या केबलीच्या खोलीसाठी आपल्याकडचं जे मानक आहे, आयएस १२५५, त्यात लो टेन्शनला (तुमच्या मोटरच्या केबलसारखीला) किमान ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंत ०.९ मीटर आणि ३३ केव्हीला १.०५ मीटर लिहिलंय, वर वाळू आणि विटा किंवा टाईल्स. हे कागदावरचं. शेतातली केबल कुणी अडीच फूट खोदून विटा लावून टाकली असेल यावर विसंबू नका, मी नांगराच्या फाळाला लागणारी केबल बघितलीय. म्हणून केबल आधी शोधा आणि खोदाईच्या दिवशी मेन बंदच ठेवा.

आणि ते पिवळे खांब, त्यावर जो फोन नंबर लिहिलाय तो आजच लावा. १९६२ च्या पेट्रोलियम पाईपलाईन कायद्याखाली त्या पट्ट्याचा वापरहक्क घेतलेला असतो, जमीन तुमचीच राहते पण त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं करायला आणि झाड लावायला बंदी आहे. द्राक्षाची ओळ आणि मांडवाचे अँगल तिथं येतात का हे कंपनीच्या माणसाकडून जागेवर आखून लेखी घ्या, ते माणूस पाठवतात. त्या लाईनीला गंज लागू नये म्हणून सतत करंट दिलेला असतो आणि लोकेटरवर तो वेगळा ऐकू येतो, पण म्हणून स्वतः शोधून त्यावर निर्णय घेऊ नका. ती लाईन शोधणं हे आपलं काम नाही.

---

पाणाड्याचा_नातू

माझे आजोबा पाणाडे होते, पंचक्रोशीत त्यांनी शंभरेक विहिरी दाखवल्या. पाईपलाईन शोधायला ते तांब्याच्या दोन तारा काटकोनात वाकवून हातात सैल धरायचे, पाईपावर आलं की तारा एकमेकींवर यायच्या. मी लहान असताना डोळ्याने बघितलंय आणि खोदलं तर पाईप निघालाय. आजही कितीतरी प्लंबर हेच करतात. फुकटचं आहे, करून बघायला काय हरकत आहे?

---

सर्व्हेवाला_पुणे

तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे आणि त्यांनी कुणाला फसवलं असं मी अजिबात म्हणत नाही. जुन्या माणसांची नजर फार तयार असायची, चारी भरलेली माती कुठं बसलीय, वॉल कुठं आहे, घर कुठल्या अंगाला आहे हे सगळं त्यांना चालता चालता दिसत असतं आणि हात त्याप्रमाणे हलतो. पण तारांची परीक्षा घेतली गेलीय. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाईप गाडीवर ठेवून हवा तसा सरकवला आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायला सांगितली. आधी चाळणी लावून निवडलेली ४३ माणसं, ८४३ वेळा परीक्षा. करणाऱ्यांना त्यात काही जण खरे वाटले, पण नंतर तेच आकडे दुसऱ्यांनी नीट तपासले तर निकाल नुसत्या अंदाजाएवढाच निघाला.

तुम्हाला स्वतःला करून बघायचं असेल तर असं करा. डोळ्याला पट्टी बांधून एकाने चालायचं, तारा फिरल्या की दुसऱ्याने गुपचूप खुंटी मारायची, जागा बदलून दहा वेळा. खुंट्या एका रेषेत आल्या तर मला बोलवा, मी स्वखर्चाने येऊन खड्डा घेतो. पण ज्या रानात चालू केबल आहे तिथं तारांवर जेसीबी चालवू नका, हात जोडून सांगतो.

नजरेचंच काम करायचं असेल तर त्याला खरोखर किंमत आहे. द्राक्षबागवाले दादा, तुमच्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात ना? चारीत माती भरताना खालचा मुरूम वर मिसळतो, तिथं भेगा बारीक पडतात किंवा पडतच नाहीत, आणि बाजूच्या अस्सल काळ्या मातीत हात जाईल एवढ्या पडतात. मागच्या दहा वर्षांत त्या रानात हरभरा किंवा गहू असेल तर त्याचा एक पट्टा लवकर पिवळा पडलेला आठवतो का घरात विचारा. आणि गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे, फुकट आहे, मार्च-एप्रिलमधली चित्रं एकेक करून बघा, कधी कधी अशी रेष इतकी स्वच्छ दिसते की मशीन नेण्याआधीच अर्धं काम होतं.

---

एडिसन_एनजे

मी न्यू जर्सीत असतो, मूळ सटाण्याचा, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. इकडे कुठंही खोदायचं, अगदी अंगणात झाड लावायचं तरी आधी ८११ ला फोन करायचा. २००५ मध्ये हा नंबर ठरला आणि २००७ पासून देशभर चालू झाला. फोन केला की दोन-तीन कामाच्या दिवसांत सगळ्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज, आणि आपल्याला जिथं खोदायचं तिथं आपण पांढरा मारायचा.

पण गंमत अशी की ते लोक फक्त मीटरपर्यंत शोधतात. मीटरच्या आत तुमच्या मालकीचं जे काही आहे, लॉनचे पाण्याचे पाईप, गॅरेजला नेलेली वायर, त्याला ते हात लावत नाहीत, त्यासाठी पैसे देऊन खासगी माणूस आणावा लागतो. माझ्याकडे आधीच्या मालकाने टाकलेली एक वायर अशीच निघाली, सगळीकडे रंग मारून झाल्यावर "आता काही नाही" म्हणून फावडं घातलं आणि वायर वर आली. बंद होती म्हणून निभावलं.

भारतातही २२ मार्च २०२३ ला "कॉल बिफोर यू डिग" ॲप सुरू झालंय ना? बेशिस्त खोदाईने केबली तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटींचं नुकसान होतं असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. द्राक्षबागवाले, ॲपवर नोंद नक्की करा, रानाच्या कडेने कुणाची फायबर केबल वगैरे गेली असेल तर त्यांना निरोप जाईल. पण वडिलांची पाईपलाईन त्यात असणार नाही, ती तुम्हालाच शोधायची आहे.

---

सर्व्हेवाला_पुणे

फायबरचं बरं काढलंत. सगळी फायबर केबल लोकेटरवर ऐकू येतेच असं नाही, ज्या केबलीत धातूच नाही ती मशीनला पीव्हीसीइतकीच मुकी. तिथं केबलच्या खुणेचे रस्त्याकडेचे दगड, ॲपवरचा निरोप आणि हाताचा खड्डा एवढंच.

---

द्राक्षबाग_निफाड

मंडळी, बावीस दिवसांनी लिहितोय. काम झालं. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

आधी तेल कंपनीचा नंबर लावला, तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, टेप धरून पट्टा आखला, खुंट्या मारल्या. आमच्या पहिल्या दोन ओळी त्या पट्ट्यात येत होत्या, त्या सोडल्या. वाईट वाटलं पण आधी कळलं हे बरं, अँगल रोवल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं.

गूगल अर्थवर २०१६ च्या एप्रिलच्या चित्रात एक फिकट रेष दिसली, पण ती वरच्या वॉलपासून निघून मध्येच संपते आणि सरळ नाही, डावीकडे कललेली. घरात कुणाचाच विश्वास बसेना.

सोंडवाला नाशिकला मिळाला नाही, पण लोकेटर असलेला एक माणूस मिळाला, दिवसाच्या बोलीवर. त्याच्याकडे सोंड नव्हता म्हणून जॉइंटर काकांचा दोरा-पिशवीचा प्रयोग केला. पहिल्यांदा पिशवी मध्येच अडली, फार फुगवली होती. दुसऱ्यांदा कमी फुगवली आणि चुलत्यांनी ड्रमने पाणी सोडलं, साधारण सव्वातीनशे फूट दोरा सरसर गेला आणि मग थांबला, आम्ही म्हटलं गेलं काम, तेवढ्यात खालच्या वॉलवर उभा असलेला पोरगा ओरडला की पाणी येतंय. हळूहळू सोडत राहिलो तर वीस मिनिटांनी पिशवी बाहेर. वायर ओढून घेतली, लांबचं टोक गजाला बांधलं आणि गजापाशी दोन किलो मिठाचं पाणी ओतलं. काका, तुमचं मीठ. आधी काठीवर आवाज कुठं आहे तेच कळत नव्हतं आणि मीठ टाकल्यावर त्या माणसानेच वळून बघितलं.

पाईप सरळ नाहीच. वरच्या वॉलपासून डावीकडे सरकत जातो आणि खालच्या वॉलच्या शंभरेक फूट आधी एकदम वळतो, आमच्या सरळ रेषेपासून अकरा फूट लांब. तात्यांना बोलावून दाखवलं तर ते तिथं उभे राहून म्हणाले की बाभूळ इथं होती, तिच्या मुळ्या तोडायला वडिलांनी नको म्हटलं म्हणून वळसा घेतला होता. तात्या बरोबरच सांगत होते, आम्हीच झाड चुकीच्या जागी धरून बसलो होतो.

खड्डे चार घेतले, सगळे हाताने. वळणावरचा खड्डा मी स्वतः घेतला. पावणेतीन फुटाला आधी मुरूम लागला, मग सिमेंटचा गठ्ठा, वळण पाण्याच्या दाबाने सरकू नये म्हणून एल्बोभोवती ओतलेला. माती हाताने पुसली तर त्यावर ओल्या सिमेंटमध्ये बोटाने लिहिलेली तारीख, १२-३-९८, नवाच्या आकड्याची शेपटी वडील लांब ओढायचे तशीच. आईला घरून आणलं. ती बराच वेळ खड्ड्याच्या काठावर बसून होती.

खोली मशीन आणि खड्डा यांत दोन इंचापासून पाच इंचापर्यंत फरक आला, सर्व्हेवाल्या दादांनी सांगितलं तसाच. सगळ्यात उथळ जागी पाईपाची पाठ दोन फूट चार इंचावर निघाली, म्हणजे भावाने म्हटल्याप्रमाणे वरून चारी नेली असती तर तिथंच गेली असती. आता पाईपाच्या दोन्ही अंगाला दोन फूट सोडून जेसीबीने चाऱ्या केल्या, मधलं माणसांनी. एक थेंब गळला नाही.

केबल क्लॅम्प लावून सापडली, अर्ध्या तासात. ती फक्त दीड फुटावर होती, विटा नाहीत, काही नाही. ती आता नवीन चारीत तीन फुटावर घेणार आहे.

एक विचारायचं राहिलं. ओढलेली वायर पाईपात तशीच ठेवू का, म्हणजे पुढच्या वेळी उपयोगी पडेल?

---

जुना_जॉइंटर

पाईपात ठेवू नको बाळा, वॉलमध्ये अडकेल, पाण्याच्या ओढीने तुटून पुढच्या फिल्टरपर्यंत जाईल. ओढून काढ. त्याऐवजी जिथं जिथं चारी उघडी आहे तिथं पाईपाच्या पाठीवर बाहेरून इन्शुलेशनवाली तांब्याची वायर, अडीच एमेमची, दर सहा फुटाला चिकटपट्टीने बांध आणि दोन्ही टोकं वॉलच्या चेंबरमध्ये वर काढून ठेव. जॉइंट कुठं केलास तर सोल्डर करून टेप गुंडाळ, नुसता पीळ दोन पावसाळ्यात जातो. नवीन केबलवरही एक फूट वर लाल पट्टी अंथर, जेसीबीवाल्याला केबलच्या आधी ती पट्टी दिसली पाहिजे.

आणि ती तारीख असलेला गठ्ठा बुजवायच्या आधी फोटो काढलास ना?

---

द्राक्षबाग_निफाड

काढला काका. वॉलपासून गठ्ठ्यापर्यंतची टेपची मापंही घेतली, दोन बांधांच्या कोपऱ्यांपासून, आणि मोबाईलवर लोकेशन टाकून ठेवलं. कागदावर नकाशा काढून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावलाय, एक प्रत भावाकडे दिलीय. वायर उद्या बांधतो.